गाळातला अंगठा

खाडीचा इतिहास वाचायचा तर गाळात नळी ठोकायची, वर ओढून काढायची आणि उभी चिरायची. वरचा गाळ कालपरवाचा, तळाचा पार पुराणकाळचा. नळी ठोकायचं काम मामाचं, वाचायचं भाचीचं. झाकण लावण्याआधी वरच्या टोकाच्या गाळात मामा खूण म्हणून अंगठा दाबायचा. "नाहीतर तू अख्खी खाडी उलटी वाचशील," म्हणायचा. होडीच्या दोराने त्याचा अंगठा लहानपणी मधोमध फाटला होता, त्यामुळे ठसा ओळखण्यात चूक होणं शक्यच नव्हतं.

त्या दुपारी भाचीने नळी चिरली. वर प्लास्टिकचे तुकडे, त्याखाली बंदर झालं तेव्हाचा कोळसा, मग नुसते शिंपले. त्याही खालचा, माणूस इथे यायच्या आधीचा थर तिने सुरीने अलगद उचलला, आणि तिचा हात तिथेच थांबला. आत अंगठ्याचा ठसा होता. मधोमध फाटलेला.

"मामा, ही तुझीच थट्टा ना?"

"नळी आत्ता तुझ्याच हाताने चिरलीस. मी आत हात घालणार कधी?"

"इकडे ये, बघ तरी."

"नको. झाकून टाक ते."

पण तिला खात्री हवी होती. तिने त्याचा हात धरून टेबलापाशी आणला. मामाने नाइलाजाने अंगठा ठशावर टेकवला. तो नखापर्यंत चपखल बसला.

"बरं, काढ आता. मला मापं घ्यायचीत."

मामा हलला नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"मामा, काढ ना."

"केव्हाचा ओढतोय गं," मामा अगदी हळू म्हणाला. "तू मला धर."