न उघडणारी मूठ

"मूठ उघडत नाहीये, वकीलबाई," प्रेसवाला कळवळून म्हणाला आणि त्यानं आपल्या उजव्या बाहीकडे पाहिलं. बाही कोपराखाली दुमडून सेफ्टीपिननं टाचलेली होती.

वकीलबाईंनी फाइल मिटली. कामगारांचे भरपाईचे दावे लढवण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. तुटलेली बोटं, भाजलेल्या पाठी, गेलेले डोळे, सगळं पाहून झालं होतं. नसलेली मूठ उघडत नाही, ही तक्रार मात्र पहिलीच.

"सात महिने असंच चाललंय," त्याची बायको म्हणाली. "आवळून आवळून बोटं ठणकतात म्हणतात. मी आपली बाहीच्या पुढे नुसत्या हवेवर फुंकर घालत बसते. वेड लागायची पाळी आलीये."

सुनावणीला जेमतेम तास उरला होता आणि दाव्याची बाजू लंगडी होती. पत्रा दाबून आकार देणाऱ्या त्या प्रेस मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा लोखंडी ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. पण कामाचा रेटा असा, की खात्यातला जो तो एक बटण रबराच्या पट्टीनं दाबून बांधून टाकायचा आणि उरलेल्या एका हातानं मशीन पळवायचा. पट्ट्या खुद्द सुपरवायझरच वाटतो, असं सगळे खासगीत सांगत. सही करायची वेळ आली की तेच सगळे मूग गिळून बसत. कंपनीनं तर केव्हाच हात झटकले होते. बटण यानंच बांधलं, हात यानंच घातला, जवळ दुसरं कुणी नव्हतं. आणि प्रेसवाल्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. चहाची सुट्टी आठवायची, त्यानंतर एकदम दवाखान्याचं छत.

"मीच घातला असेल का हो हात?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं. "इतकी वर्षं मशीनवर काढून असा गाढवपणा करीन मी?"

दावा फेटाळला तर नवा हात बसवणं विसरावं लागणार, हे त्याला कळत होतं. पण त्याला आतून खात होता तो हा प्रश्न. बायकोनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

वकीलबाईंना डॉक्टरांचं बोलणं आठवलं. गेलेला हात माणसाला पुष्कळदा जाणवत राहतो, आणि शेवटच्या क्षणी होता तसाच जाणवतो, असं ते म्हणाले होते. पत्रा सरकवणाऱ्याचा हात उघडा असतो. मग ही मूठ कशाची?

"डोळे मिटा," त्या म्हणाल्या. "मुठीत काय आहे?"

त्यानं डोळे मिटले. "गरम लागतंय," तो म्हणाला. "पत्रा नाहीये. मऊ आहे. आत हाड आहे." मग त्याचा आवाज एकदम बसला. "आत काहीतरी उडतंय, बाई. नाडीसारखं."

बायकोनं नकळत आपली खुर्ची मागे सरकवली आणि लगेच ओशाळून पुन्हा जवळ घेतली.

दावे ऐकणाऱ्या कामगार आयुक्तांच्या खोलीत दुपारचं टळटळीत ऊन थेट टेबलापर्यंत आलं होतं. सुपरवायझर साक्षीला उभा राहिला. कडक इस्त्रीचा शर्ट, ताकास तूर लागू देणार नाही असा चेहरा. कंपनीच्या वकिलानं विचारलं तसं त्यानं घडाघडा म्हणून दाखवलं.

"हा एकटाच होता. मी माझ्या केबिनमध्ये होतो. मशीनच्या जवळपाससुद्धा नव्हतो."

तेवढ्यात प्रेसवाला "आई गं!" म्हणून कळवळला. त्याची टाचलेली बाही थरथरायला लागली. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या, पण वकीलबाई साक्षीदाराकडेच बघत होत्या. तो पाठीमागे हात नेऊन आपलं डावं मनगट चोळत होता.

"मनगटाला काय झालंय?" उलटतपासणीला उठता उठता त्यांनी विचारलं.

"काही नाही. जुनं दुखणं आहे."

"किती जुनं? सात महिने?"

सुपरवायझरनं बाही मनगटावर खाली ओढली. "हात पुढे करा," आयुक्त म्हणाले.

त्यानं बाही वर केली. मनगटावर चार बोटं आणि एक अंगठा पांढराफटक उमटला होता, कुणी गच्च धरल्यावर उमटतो तसा. धरणारं तिथं कुणी नव्हतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती बोटं कातडीत आणखी रुतली. कंपनीच्या वकिलाच्या हातातलं पेन खाली पडलं, ते उचलायला कुणी वाकलं नाही.

सुपरवायझरचा चेहरा पार उतरला. "पत्रा अडकला होता," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "काढायला मीच हात घातला. पट्टी मीच बांधायला लावली होती. माझंच कोपर लागलं दुसऱ्या बटणाला. सगळं लिहून घ्या, सही करतो. पण आता याला सांगा हो कुणीतरी, सोड म्हणावं मला!"

प्रेसवाल्याच्या कपाळावर घाम डवरला होता. डोळे भिंतीपलीकडचं काहीतरी बघत होते. दात आवळून, सगळा जीव त्या रिकाम्या बाहीत आणून तो म्हणाला,

"सोडू कसा, साहेब? ठोकळा खाली येतोय. हात आत जाईल ना तुमचा!"