गेल्या दिवाळीतलं प्राचीन यंत्र

नवोपक्रम समितीच्या साहेबांनी यंत्राला आधी वाकून नमस्कार केला, तिथंच मंगलनं ओळखलं, काहीतरी बिनसलं.

नाचणी मळायचं यंत्र होतं ते. सायकलचं पायडल, तिचीच चेन, तेलाचा मोठा डबा आणि आत टायरच्या पट्ट्या. कणसं वरून टाकायची, पायडल मारायचं, खाली नाचणी. काठीनं बडवायला दोन दिवस लागायचे, ते काम दुपारच्या चहाआधी आटपायचं. मंगलनं ते गेल्या दिवाळीत जुळवलं होतं. नवरा, कुमार, शिरवळच्या एका कारखान्यात वेल्डर. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं जोड मारून दिले होते. गावी हिर्डोशीला तो पंधरा दिवसांतून एकदा यायचा, तेही एसटी मिळाली तर. "नवोपक्रमात निवड झाली की तालुकाभर मागणी येनार. मागणी आली की दुसऱ्या दिशी नोकरी सोडतो," असं तो म्हणाला होता. वर्षभर मंगल तेवढ्या एका वाक्यावर जगत होती.

घात केला तो सासूनं, तोही मायेपोटी. खंडेनवमीला सखूबाईंनी सुनेच्या यंत्राला तेल-शेंदूर थापला आणि त्याला सर्दी होऊ नये म्हणून चुलीशेजारी ठेवलं. आठ दिवसांत ते धुरानं काळंकुट्ट झालं आणि नवव्या दिवशी समिती आली.

"किती पिढ्या आहे हे घरात?" साहेबांनी हलक्या आवाजात विचारलं.

"पिढ्या न्हाईत, सायेब. म्या केलंय. गेल्या दिवाळीत."

साहेब समितीकडं वळले. "बघा. किती विनय!"

मंगलनं पदरानं डबा खसाखसा पुसला. शेंदराखालून गोडेतेलाच्या कंपनीचं नाव निघालं. साहेबांनी चष्मा वर करून फोटो काढला आणि लिपी तपासून घ्यावी लागेल म्हणाले. वहीत चेनपुढं त्यांनी 'नंतरची भर' असं टिपून ठेवलं.

मग मंगल हट्टाला पेटली. तिनं शेजारच्या म्हाताऱ्या कोंडिबांना साक्षीला बोलावलं.

"व्हय सायेब, हिनंच केलं," कोंडिबा म्हणाले. "माज्याकडं बी हाय."

होतं ते खरंच. हिर्डोशीत इर्जिक घालतात, म्हणजे एकाच्या कामाला सगळ्यांनी जायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. मंगलचं यंत्र बघून गावानं घरोघर इर्जिक घातली आणि वर्षभरात चाळीस यंत्रं जुळवली. आता एका घरच्या यंत्राला शेंदूर लागला म्हटल्यावर बाकीच्या सासवा काय मागं राहणार? चाळीसच्या चाळीस माखलेली होती.

साहेबांनी घरोघर फिरून बघितली आणि घाम पुसत ओट्यावर टेकले. "ताई, तीस वर्षं मी नवोपक्रम तपासतोय. नवी गोष्ट पाच वर्षं प्रदर्शनात असते, मग गोदामात जाते. घराघरांत पोचली म्हणजे ती जुनीच!"

मंगलला रडू कोसळलं. वारशाची जाणीव होऊन बाईंना भरून आलं, असं साहेबांना वाटलं.

निवड दुसऱ्याच गावाच्या यंत्राची झाली. ते कशाचं होतं हे कुणालाच कळलं नाही, पण त्यावरचा प्लॅस्टिकचा कागद अजून तसाच होता. हिर्डोशीला रस्त्याकडेला एक पाटी मिळाली : 'प्राचीन अवजारांचे गाव'. फोनवर ऐकून कुमारनं नोकरी सोडायचा बेत गुंडाळला. "ऱ्हाऊ दे मग," एवढंच म्हणाला. मंगल त्या दिवशी जेवली नाही.

वरंध घाटाकडं जाणाऱ्या मोटारी मात्र पाटीपाशी थांबू लागल्या. पहिल्या रविवारी पुण्याच्या एका बाईंनी कोंडिबांच्या यंत्रावरून हात फिरवला आणि ते दिवाणखान्यात हवंच म्हणून हटून बसल्या. दुसऱ्या रविवारी सात विकली गेली. महिन्याभरात गावात एकही उरलं नाही. मंगल येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, म्या केलंय, गेल्या दिवाळीत. लोक हसायचे आणि पाहुण्यांसाठी आणखी एक मागायचे.

कुमार नोकरी सोडून घरी आला. दिवसभर अंगणात ठिणग्या उडू लागल्या. सगळा गाव इर्जिकीला आला. मंगलला आनंद झाला, अगदी पोटातून झाला. त्या आनंदात तिनं दुप्पट वेगानं फिरणारं एक नवं चक्र जोडलं. शेजारी काजळी घोटत बसलेल्या सखूबाई किंचाळल्या.

"काढ आदी ते! सुधारलं तर घील का कोन?"

मंगलनं मुकाट्यानं चक्र काढलं. शनिवारपर्यंत पंचवीस प्राचीन यंत्रं द्यायची होती, आणि घरची नाचणी अजून काठीनं बडवायची राहिली होती.