दाराजवळची सतरंजी

तालुक्याला दर महिन्याला वाचनाचा अहवाल जातो, म्हणून मी तिसरीची मुलं गटांनुसार बसवते. अक्षरं ओळखणारी दाराजवळच्या सतरंजीवर, उतारा वाचणारी आत फळ्यापाशी. दिशा प्रत्येक तपासणीत एकेका अक्षराशी अडखळायची आणि दाराशीच राहायची. काल मधल्या सुट्टीत मात्र ती अंगणवाडीतल्या धाकट्या बहिणीला खाऊच्या पाकिटावरचा मजकूर घडाघडा वाचून दाखवत होती. मी चिडलेच. "माझ्यापुढं का वाचत नाहीस?" दिशा खाली बघत म्हणाली, "वाचलं की तुमी आत बसवता, बाई. तिथून आंगनवाडी दिसत न्हाई. आई खर्डा गावाला कांदे काढायला जाती, बारकी रस्त्यावर पळती." आज उतारागटाची सतरंजी दाराशी अंथरली, अक्षरगटाची आत फळ्यापाशी. दिशानं एकदा बाहेर पाहिलं आणि सगळा उतारा न थांबता वाचला. तेवढ्यात अक्षरगटातल्या दोघी उठल्या. "बाई, आमची भावंडंबी तिथंच हायेत," एकजण म्हणाली. "आमालाबी वाचता येतं."