हळदीचं बोट

"टीव्हीवर वस्तू विकणारे गेले आता, काकी! गेले म्हणजे गेलेच!" आचलनं जाहीर करून टाकलं आणि ती खाटेवर मांडी ठोकून बसली. अकरावीत गेल्यापासून गावातल्या अर्ध्या बायांची ऑनलाइन खरेदी तिच्याच अंगठ्यानं चालायची.

शेजारची दुर्पताकाकी अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. तिला रोटी मेकर हवा होता. कचारगडच्या जत्रेला तिची लेक रश्मी फुलचूरहून येणार होती, सोबत जावई आणि लेकीची सासू. सासू यवतमाळकडची, तिला पोळीशिवाय घास उतरत नाही. आणि काकीच्या घरी दोन्ही वेळा भात.

"मले तोच पाह्यजे," काकी म्हणाली. "रश्मीले घेऊन देल्ला होता तो. टीव्हीवरची बाई कनकेचा गोळा ठेवते, झाकन दाबते, का पोळी तयार. सकाळपासून तिच्याच नंबरवर फोन लावून राहिली मी. कोनी उचलतच नाई."

"कसे उचलतील? त्यांचं दुकानच उठलं ना. ती बाई सगळ्यांकडं बघून सारखीच हसते, काकी. टीव्हीत पोळी फुगते, आणि घरी आणल्यावर झाकण एकीकडं, पोळी एकीकडं!"

"काहीबी बोलू नोको. रश्मी रोज त्याच्यावरच करते. पह्यले तिची पोळी म्हनजे नुसता नकाशा. सासू ताटावर बसली का हासे. आता नाई हासत."

आचलनं मोबाईल पुढं केला. "हे बघ. इथं लोक आपल्या घरातली वस्तू विकतात. जशी वस्तू, तसा फोटो. विकणाऱ्याशी डायरेक्ट बोलायचं. फसवायचा चान्सच नाही! आणि माझं नाव बघ इथं, 'क्वीन'. मी कोण ते कुणाला कळत पण नाही."

"कायले व? तुले नाव नाई का?"

आचल खळखळून हसली. तिनं अंगठा फिरवला. मिक्सर गेले, कूलर गेले, एक अख्खा सोफा वर सरकला.

"थांब. मांगं घे."

पलंगावर ठेवलेला लाल खोका होता. फोटोखाली लिहिलं होतं : रोटी मेकर, नवाकोरा, उघडलेलासुद्धा नाही.

"बघितलं? मिळाला!" आचलनं चुटकी वाजवली.

काकीनं सूप खाली ठेवलं. मोबाईल हातात घेऊन जवळ धरला, मग लांब. "मोठा कर."

आचलनं दोन बोटांनी फोटो ताणला. खोक्याच्या तोंडावर चिकटपट्टी होती आणि पट्टीवर पिवळा डाग. बोटाएवढा. त्यात तांदळाचा एक दाणा वाळून बसला होता.

"हे मीच लावलं," काकी म्हणाली. "पार्सल आलं त्या दिवशी. लेकीच्याच हातानं उघडावा म्हनून मी उघडला नाई."

पट्टी कुठंच फाटलेली नव्हती. हळदीचं बोट अख्खं होतं. अगदी खाली बारीक अक्षरात विकणारीचं नाव होतं : रश्मी, फुलचूर.

"दुसरी कुणी असेल," आचल घाईनं म्हणाली. "फुलचूरमध्ये काय एकच रश्मी आहे?"

"विचार तिले. काऊन विकून राहिली?"

आचलनं लिहिलं. उत्तर लगेच आलं. ते वाचून तिनं मोबाईल छातीशी धरला.

"वाच."

"म्हणते... गरज नाही पडली."

"पूरा वाच, पोरी."

"गिफ्ट आलंय," आचल वाचू लागली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "गावाकडचे लोक टीव्हीवर बघून काहीपण उचलतात. आमच्या काय कामाचं..."

"अजून?"

"पुढं हसणारं तोंड आहे."

काकीनं कमरेच्या पिशवीतून आपला बटणांचा फोन काढला. एकच बटण दाबलं. पलीकडचा आवाज अंगणभर ऐकू आला.

"काय व आई?"

"जेवली का?"

"आत्ताच बसली. तुझ्याच मशीनवर केल्या ना पोळ्या! एकदम गोल. सासूबाई पण खूश."

आचलच्या हातातला मोबाईल थरथरला. नवा मेसेज होता : आज नेत असाल तर थोडे पैसे कमी करते.

"बरं," काकी म्हणाली. "खा मंग. गरम गरम खा."

तिनं फोन खाटेवर ठेवला. तांदळाचं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

"लिह. घेतो म्हन."

"काकी!"

"आनि हेबी लिह. खोका पुसून देऊ नोको म्हनावं. हळद तशीच राहू दे."

ज्या अंगठ्याला कधी विचार करावा लागला नव्हता तो आचलचा अंगठा हवेतच थांबला. मग तिनं शब्दाला शब्द लिहिलं आणि पाठवून दिलं.

मेसेज वाचला गेला. पलीकडून काहीतरी लिहिलं जात होतं. तीन ठिपके उमटले, गेले, पुन्हा उमटले.

मग खाटेवरचा बटणांचा फोन वाजायला लागला.

"काकी, रश्मीताई आहे."

काकीनं तांदूळ पितळी गंजात ओतले, वरून पाणी घातलं.

"वाजू दे."

फोन थांबला. परत वाजला. काकी तांदूळ धुतच राहिली. पाणी केव्हाचंच नितळ झालं होतं.