पूर्वी किरकोळ अपघात

"स्टीअरिंगला काही झालं नव्हतं," मिस्त्री म्हणाला. "मी स्वतः खोललंय ते. ब्रेकही शाबूत होते. गाडीचा दोष म्हणाल तर काहीच नाही."

नातीचं पेन वहीवर तसंच थांबलं. शेजारी उंच स्टुलावर आजी पाय लोंबकळत सोडून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. गेल्या बावीस वर्षांत फारसं काही उमटतच नव्हतं. घरच्यांना त्याची सवय झाली होती.

नात विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायची. तिथल्या एका जुन्या गाड्यांच्या शौकिनानं तिला लिलावाची पुस्तिका चाळायला दिली, आणि एका पानावर ती अडकली. हिरवी, दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. खाली सांगाड्याचा, म्हणजे चासीचा, नंबर होता. तो तिला पाठ होता, कारण वडिलांच्या कागदांपैकी गाडीचा तेवढा एकच कागद तिच्याकडे होता. पुढे गाडीचा इतिहास दिला होता. पहिले मालक डॉक्टर. दुसऱ्या मालकाच्या काळात, पूर्वी किरकोळ अपघात.

दुसरा मालक म्हणजे तिचे वडील, आजीचा मुलगा. त्या किरकोळ अपघातात ते गेले तेव्हा ती तीन वर्षांची होती.

पोलिसांना ते एकटेच सापडले होते, गाडीपासून दहा हातांवर. पोराला गाडीची मस्ती होती, प्यालेला असणार, असं लोक म्हणाले आणि म्हणतच राहिले. शाळेत, नातेवाइकांत, नात हेच ऐकत मोठी झाली. तिला एवढंच सिद्ध करायचं होतं की दगा गाडीनं दिला, वडिलांनी नाही.

मग ती एकेक मालक गाठत मागे मागे गेली. सध्याचा मालक हॉटेलवाला, त्यानं गाडी काचेच्या खोलीत ठेवली होती. त्याच्याआधी एक निवृत्त वैमानिक. त्यानं ती दुसऱ्या लिलावात घेतली होती, कारण पहिल्या लिलावात कोणी हातच वर केला नव्हता. त्याच्याआधी हा मिस्त्री. यानं चार वर्षं खपून तिला उभं केलं होतं. आणि त्याआधीची आठ वर्षं गाडी भंगारवाल्याच्या आवारात पत्र्यांच्या ढिगाखाली पडून होती.

प्रत्येक ठिकाणी आजी सोबत होती. "येतेस का?" असं विचारलं की ती चपला घालायची. नाही म्हणायलासुद्धा काहीतरी वाटावं लागतं.

मिस्त्रीनं कपाटातून जाडजूड अल्बम काढला. "उघडताना प्रत्येक भागाचा फोटो काढून ठेवतो. नाहीतर जोडताना डोकं फिरतं." त्यानं पानं उलटली आणि एका फोटोवर बोट ठेवलं. "हे मात्र तेव्हाही मला विचित्र वाटलं होतं. ड्रायव्हरची सीट बघा. पार पुढे ओढलेली. तशीच गंजून बसली होती, छिन्नी घालून काढली मी. चालवणारा अगदी बुटका असणार. तुमचे वडील...?"

"सहा फूट," नात म्हणाली.

मिस्त्रीनं दोघींकडे पाहिलं. पाणी आणतो म्हणाला आणि बाहेर गेला.

नात फोटो बघत राहिली. आजीला तो बघायचा नव्हता आणि नजरही काढवत नव्हती.

"बाबा चालवत नव्हते, आजी. दुसरंच कोणीतरी होतं. ते निघून गेलं, आणि नाव बाबांचं खराब झालं."

आजीनं अल्बम मिटला.

"आई पाच फूटसुद्धा नाही," नात हळूच म्हणाली. "गाडीचा एक फोटो तिनं घरात ठेवला नाही. मी विषय काढला की उठून जाते. मला वाटायचं, दुःखानं."

तिनं फोन हातात घेतला.

"तिला फोन करू नकोस," आजी म्हणाली.

"का? तुला माहीत होतं?"

उत्तराची वाट न बघता नातीनं नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"बोल गं. पोचलात का?" सूनबाईंचा आवाज आला. मागे नळ वाहत होता.

"आई, त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं?"

नळ बंद झाला.

"आजी शेजारी आहे?"

"आहे."

"तिला ऐकू जातंय?"

"जातंय. तू सांग."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी," सूनबाई म्हणाल्या. "मी चालवत होते. आजीला यात ओढू नकोस. काय बोलायचं ते घरी येऊन मला बोल."

फोन बंद झाला.

नातीनं वही मिटली, पेन पर्समध्ये टाकलं, पर्सची चेन लावली. सगळं सावकाश. चिडलेलं माणूस असं करत नाही. आजीला हे सावकाश करणं ओळखीचं होतं. बावीस वर्षं तीही असंच करत आली होती.

"तुला घरी सोडते आणि मी जाते," नात म्हणाली. "तिचं तोंड बघायचं नाही मला. आज नाही, कधीच नाही."

ती दारापर्यंत गेली. आजी जागची हलली नाही.

"चल ना, आजी."

"खाली बस," आजी म्हणाली. "तुझी आई त्या दिवशी घरातून बाहेरच पडली नव्हती. तुला गोवर निघाला होता, ती तुझ्या उशाशी होती. गाडी शिकायचा हट्ट माझा होता."