मर्लची हलकी काडतुसं

“याला बार म्हणायचं की आजीबाईची शिंक?” लॉइडने विचारलं.

मर्लने मान वर केली नाही. लाकडी डबा उघडून तो टेबलावर काडतुसं मांडत राहिला. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला रायफलचा दणका सोसत नव्हता, म्हणून हल्ली काडतुसं तो घरीच भरायचा. शिशाची गोळी स्वतः ओतलेली, बारूद अगदी चिमूटभर. सरावाला तेवढी पुरते. दणका नाही, आवाजही जेमतेम.

“खांदा माझा आहे,” तो म्हणाला. “तू तुझं काम कर.”

“करतोय की. उद्यापर्यंत तरी माझंच आहे ना ते?”

लॉइडचं काम म्हणजे ही चांदमारी, नेमबाजीचं हे मैदान, सांभाळणं. वायोमिंगच्या या उघड्या माळावर तो हजर नसेल तर कुणी चाप ओढायचा नाही, आणि तो “थांबा!” म्हणाला की सगळ्यांनी हात वर करायचे, मग गव्हर्नर का असेना. उद्या क्लबची सभा होती. लॉइडला काढून टाका, असा ठराव मर्लने मांडला होता. लॉइडची बायको सोडून गेलेली, गुरं विकलेली, राहायची खोलीसुद्धा चांदमारीचीच. इथून काढलं तर या वयात माणसाने जायचं कुठे? पण मर्लला त्याचं काय! आणि याच माणसाबरोबर आपण तरुणपणी डोंगरात हरणं मारत हिंडलो, हे आठवलं की लॉइडला स्वतःचीच चीड यायची.

भांडण मर्लच्या मुलावरून होतं. वेस आत्ता शेजारच्या टेबलाशी दुर्बीण लावत बसला होता. उजव्या डोळ्यावर काळी पट्टी. गेल्या हिवाळ्यात त्याच्या एका काडतुसात बारूद भरायचीच राहून गेली होती. अशा वेळी नुसती काडतुसाच्या बुडाची ठिणगीची टोपी फुटते, फुस्स आवाज होतो आणि गोळी नळीतच अडकून बसते. पोराच्या ते लक्षात आलं नाही. त्याने पुढचा बार उडवला आणि रायफल तोंडावर फुटली.

“असा फुसका बार ओळखायलाच तुला तिथे उभा केलाय,” मर्ल तेव्हा सगळ्या समितीसमोर ओरडला होता. “ओरडला का नाहीस?”

“वारा होता,” लॉइडने सांगितलं होतं. “मला काही ऐकू आलं नाही.” समितीने ते मानलं. वायोमिंगमध्ये वाऱ्याला कोण नाही म्हणणार?

आजही वारा होता. टोपी धरून ठेवावी लागत होती.

“सुरू करा,” लॉइड म्हणाला.

मर्लने कानांवर झाकणं ओढली. लॉइडनेही ओढली, पण एक कान मोकळा ठेवला. त्याची ती जुनी सवय.

ठप्प. समोरच्या मातीच्या बांधावर धुळीचा भुरका उडाला. “दहा,” वेस म्हणाला.

ठप्प. पुन्हा धूळ. “नऊ. जरा डावीकडे, बाबा.”

“डोळा एक राहिला तरी जीभ शाबूत आहे हं तुझी,” लॉइड म्हणाला. ती तेढही जुनीच. रायफल फुटली त्याच्या आधल्याच आठवड्यात या पोराने त्याला चारचौघांत बेवडा म्हटलं होतं.

वेसने वळून पाहिलंसुद्धा नाही. दुर्बीण सोडून त्याने थर्मास घेतला आणि पाठ करून कॉफी ओतू लागला.

फुस्स.

लॉइडने बांधाकडे पाहिलं. धूळ उडाली नव्हती.

गोळी नळीत होती! चिमूट-चिमूट बारूद भरणाऱ्याची कधीतरी एक चिमूट राहतेच. मर्लला काही कळलं नसणार. कान झाकलेले, आणि या काडतुसांना दणका असतो कुठे! त्याने बोल्ट मागे ओढला, रिकामी पुंगळी बाहेर पडली, त्याने दुसरं काडतूस उचललं.

लॉइडचं तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर आला होता.

मर्लने काडतूस आत सरकवलं.

उद्याची सभा. ठराव मांडणाराच नसला तर ठराव कसला? आणि विचारणार तरी कोण? पोराची पाठ आहे. वारा तर आहेच.

त्याने तोंड मिटलं. रायफल फुटते तेव्हा पोलादाचे तुकडे कुठवर उडतात ते त्याने पाहिलं होतं. तो एक पाऊल मागे सरला, मग आणखी एक, आणि सिमेंटच्या खांबाआड उभा राहून त्याने डोळे गच्च मिटून घेतले.

बोल्ट बंद झाल्याचा खटका ऐकू आला. आता मर्ल गाल दस्त्याला टेकवत असणार.

लॉइड वाट पाहत राहिला. बार झालाच नाही.

“वेस,” मर्लचा आवाज आला, “कुठे आहे रे तो?”

“खांबामागे, बाबा.”

मग बोल्ट उघडल्याचा आवाज झाला. लॉइडने डोळे उघडले. मर्ल त्याच्यासमोर उभा होता. रायफल टेबलावर उघडी पडली होती.

“मघाची गोळी मेणाची होती, लॉइड,” तो म्हणाला. “नळी साफ आहे, बघ हवं तर. मला फुस्स करायचं होतं, एवढंच. आज वारा त्या दिवसापेक्षा जास्त आहे. तुला काही ऐकू आलं नाही ना? मग खांबामागे का गेलास?”