अडकवलेला पगार

“सोमवारी ये,” मालक मान वर न करता म्हणाला.

“मागच्या सोमवारीही हेच म्हणालात.” पॉलिशवाला दारातच उभा राहिला.

फर्निचरच्या या कारखान्यात एक रीत होती. नव्या माणसाचा पहिला पगार मालक अडकवून ठेवायचा आणि काम सोडताना द्यायचा. द्यायचा म्हणजे, खेटे घालून घालून चपला झिजल्या की द्यायचा. दवाखान्यात पोरीजवळ बसता यावं म्हणून पॉलिशवाल्याने काम सोडलं, तेव्हा त्यालाही तोच नियम लागला.

“भीक मागत नाही मी. हक्काचे मागतोय. पैसे भरल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशन करत नाहीत.”

“माझ्याकडे काय पैशाचं झाड आहे?”

“तुम्हालाही लेक आहे, शेठ.”

मालक हातातली लाकडाची पट्टी उगाच उलटीसुलटी करत राहिला. एवढा खमक्या माणूस, पण नजर वर उचलेना. पलीकडे सुताराचा रंधा थांबला. सगळ्यांचेच पगार अडकलेले, तोंड उघडणार कोण?

“रोज विचारते, बाबा, घरी कधी जायचं?” पॉलिशवाला एक पाऊल आत आला. “काय सांगू तिला?”

“सांग, सोमवारी.”

तळपायाची आग मस्तकात जावी असंच उत्तर होतं ते. पॉलिशवाल्याने मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मालकाने सगळं मुकाट ऐकून घेतलं. भांडायचं बळही संपलं, तसा तो बिचारा बाहीने डोळे पुसत जिना उतरला.

“सोमवारी घेतल्याशिवाय हलणार नाही!” खालून त्याचा आवाज आला.

त्याची बायको खाली फाटकाशी थांबली होती. नवऱ्याला बाकावर बसवून ती वर आली. मालकाने उठून तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

“आज दिले नाहीत ना?”

“नाही. पण वहिनी, आता माझ्याच्याने हे होत नाही. एकदाचे देऊन टाकतो, मोकळा होतो.”

“नको,” ती घाईघाईने म्हणाली. “उशिरा का होईना, पगार तुम्ही केव्हाच चुकता केलात. पण हातात नोटा पडल्या की हे थेट दवाखान्यात जातात, आणि पोर गेल्याचं मला त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.”